झुकझुकीचे गणित

वाफेच्या इंजिनाची वीतभर लांबीची प्रतिकृती रुळावर धावू लागली, की पाहणाऱ्याचे डोळे सुखावतात. कान मात्र उपाशी राहतात. दांडे पुढेमागे होतात, चाके फिरतात, क्वचित धुराड्यातून धूरही निघतो, आणि कानी येते ती विजेच्या मोटारीची घरघर, शिलाई यंत्राशी नाते सांगणारी. खऱ्या वाफेच्या इंजिनाची ओळख आधी कानांना पटत असे. गाडी वळणाआड असतानाच तिचा ठेका ऐकू येई आणि फलाटावर सामान उचलले जाई.

ही उणीव भरून काढणारी, पोटातच आवाज बसवलेली छोटी इंजिने गेली दहाबारा वर्षे जगाच्या बाजारात त्यामानाने स्वस्तात मिळू लागली आहेत. 'स्वस्तात' हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो. नांदेड किंवा लातूरच्या मध्यमवर्गीय घरात छंदापायी खर्च होणारी ती रक्कम लहान नाही. म्हणूनच त्या रकमेत नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घेणे आवश्यक ठरते. दुसरीही एक बाब आहे. या इंजिनांत भरलेले आवाज ब्रिटिश, जर्मन वा अमेरिकी इंजिनांचे असतात. पूर्णा जंक्शनवर उभ्या असणाऱ्या 'वायजी'चा किंवा येडशीचा घाट चढणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या इंजिनाचा आवाज त्यांत शोधून सापडत नाही. तो हवा असेल तर त्याचे गणित आपल्यालाच मांडावे लागेल. सुदैवाने ते फार अवघड नाही.

एका फेऱ्यात चार ठोके

वाफेच्या इंजिनाची 'झुकझुक' म्हणजे वापरून झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडतानाचा फुसकारा. सर्वसाधारण इंजिनाला दोन सिलिंडर असतात, डाव्या बाजूस एक व उजव्या बाजूस एक. प्रत्येक सिलिंडरमधील दट्ट्याला वाफ दोन्ही बाजूंनी ढकलते. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर दोनदा वाफ सोडतो. दोन्ही बाजूंच्या दांड्यांची जोडणी चाकावर एकमेकींशी काटकोनात केलेली असते, त्यामुळे हे फुसकारे एकाच वेळी न येता समान अंतराने येतात. चाकाचा एक फेरा, चार ठोके. तीन सिलिंडरच्या इंजिनाचे ठोके सहा होतात, पण आपल्याकडील नेहमीच्या इंजिनांना दोनच सिलिंडर होते.

आता नांदेडचे उदाहरण घेऊ. निजामाच्या काळात, विसावे शतक उजाडता उजाडता, हैदराबादहून मनमाडला जाणारा मीटरगेज मार्ग नांदेडवरून गेला आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत त्याने या भागाची सेवा केली. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मीटरगेजवर दोन प्रमुख वाफेची इंजिने होती : मालगाड्यांसाठी वायजी आणि प्रवासी गाड्यांसाठी वायपी. वायजीच्या मुख्य चाकाचा व्यास १२१९ मिलिमीटर, म्हणजे चार फूट; वायपीचा १३७२ मिलिमीटर, म्हणजे साडेचार फूट. वायजीच्या चाकाचा परीघ सुमारे ३.८३ मीटर भरतो. गाडी ताशी ९ किलोमीटर वेगाने स्थानकातून बाहेर पडत असेल, तर ती सेकंदाला अडीच मीटर जाते. म्हणजे चाकाचा सुमारे दोन-तृतीयांश फेरा आणि सेकंदाला अडीचहून थोडे अधिक ठोके. हेच इंजिन ताशी ३६ किलोमीटरवर आले, की सेकंदाला दहाच्या वर ठोके पडतात. वायपी ताशी ७२ किलोमीटरने धावत असेल तर ही संख्या अठरा-एकोणीसवर जाते. तेथे कान सुटे ठोके मोजू शकत नाही, त्याला अखंड गुरगुर ऐकू येते. पळत्या गाडीचा आवाज लहानपणी ऐकलेल्यांना 'झुकझुक' आठवते ती म्हणूनच स्थानकातून सुटतानाची. भरवेगात ती झुकझुक उरतच नाही.

ठोक्यांची संख्या झाली. त्यांचा जोर वेगळा. गाडी ओढू लागताना ड्रायव्हर दट्ट्याच्या बहुतेक प्रवासभर वाफ आत जाऊ देतो. ती बाहेर पडते तेव्हाही तिच्यात बराच दाब शिल्लक असतो, आणि धुराड्यातून निघणारा ठोका बंदुकीच्या बारासारखा कडक येतो. वेग आला, की वाफेचा पुरवठा लवकर तोडला जातो. उरलेले काम वाफेच्या प्रसरणावर होते आणि ठोका मऊ पडतो. उतारावर वाफ बंद केली, तर ठोके थांबतात आणि दांड्यांचा खडखडाट तेवढा राहतो. बाहेर पडणारी हीच वाफ धुराड्याखालील पोकळीतून जाताना भट्टीतील हवा ओढून घेते, निखारा फुलवते आणि नवी वाफ तयार होते. इंजिन जितके राबेल तितका त्याचा श्वास जोराचा, आणि श्वास जोराचा म्हणून राबण्याची ताकद अधिक. अनुभवी ड्रायव्हर कानांवरच इंजिन चालवत, असे म्हणतात ते यामुळेच.

छोट्या इंजिनाची परीक्षा येथेच होते. ठोका चाकाशी जुळतो का आणि चढ-उताराप्रमाणे बदलतो का, हे दोन प्रश्न विचारले, की किमतींतील तफावतीचा उलगडा होऊ लागतो.

सँडपेपरपासून चिपपर्यंत

छोट्या इंजिनाला आवाज देण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९३५ साली इंजिनामागच्या टेंडरमध्ये चिमुकली मोटार आणि पंखा बसवून खरोखर हवेवर वाजणारी शिट्टी आणली. ब्रिटनच्या ट्राय-अँग हॉर्नबीने १९६० च्या दशकात याहून सोपी युक्ती योजली : टेंडरच्या चाकाबरोबर खरखरीत पृष्ठभाग फिरवायचा आणि त्यावर काहीतरी घासू द्यायचे. सँडपेपरवर नख फिरवावे तसा तो आवाज होता. मात्र तो चाकाशी बांधलेला असल्याने वेग वाढला की ठोकाही वाढे. आजच्या काही स्वस्त खेळण्यांना एवढेही जमत नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक्स आले. पॅसिफिक फास्ट मेल या अमेरिकी कंपनीच्या यंत्रणेत आवाज टेबलावरच्या पेटीत तयार होई, रुळांतून इंजिनातल्या स्पीकरपर्यंत जाई, आणि चाकाच्या आसावरील संपर्कपट्टी प्रत्येक ठोक्याची वेळ सांगे. खरा बदल घडला तो १९९० च्या दशकाच्या मध्यास, अमेरिकेतील मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने डिजिटल नियंत्रणाचे सामाईक मानक स्वीकारल्यावर. या पद्धतीत रुळांत सदैव पूर्ण दाबाची वीज असते आणि तिच्यातूनच सांकेतिक आज्ञा जातात. इंजिनातील 'डीकोडर' नावाची पट्टी आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी उचलते आणि मोटार, दिवा व आवाज यांचे काम पाहते. इंजिन उभे असले तरी त्याला वीज मिळत असल्याने उभ्या इंजिनाची सुसकार, कोळसा टाकण्याचा आवाज, सुरक्षा झडप उघडल्याचा फवारा हे सारे शक्य झाले. जुन्या पद्धतीत रुळांतील वीज कमी करूनच गाडी थांबवत. तेथे थांबलेले इंजिन मुकेच होई.

अशी ध्वनियंत्रणा बरीच वर्षे महागड्या इंजिनांपुरती राहिली. ती खाली आणण्याचे श्रेय प्रामुख्याने दोन नावांना द्यावे लागेल : बाखमन कंपनीची 'साउंड व्हॅल्यू' मालिका आणि हॉर्नबीची 'टीटीएस'. दोन्ही २०१० च्या दशकातल्या. टीटीएसचा सुटा डीकोडर स्पीकरसह चाळीस-पन्नास पौंडांत मिळे, तर नामवंत जर्मन बनावटीच्या ध्वनी-डीकोडरला शंभर पौंड वा त्याहून अधिक मोजावे लागत. अर्ध्या किमतीत आवाज मिळू लागल्याने अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा बोलके इंजिन घेतले.

काटकसर कोठे झाली?

निम्मी किंमत ही निम्म्या नफ्यातून येत नसते. पहिली कात्री आवाजाच्या साठ्याला लागते. महागड्या डीकोडरमध्ये एकाच इंजिनाचे हळू, मध्यम, जोराचे, चढावरचे असे निरनिराळे ठोके मुद्रित केलेले असतात; स्वस्तात मोजकेच ठोके पुन्हा पुन्हा वाजतात. दुसरी कात्री बदलाच्या मुभेला. साउंड व्हॅल्यू किंवा टीटीएसमधील मूळ आवाज पुसून आपल्या पसंतीचा भरता येत नाही. दिलेल्यांतून शिट्टी निवडणे, आवाज लहानमोठा करणे यांवर समाधान मानावे लागते. (हॉर्नबीने २०२३ साली आणलेल्या 'एचएम ७०००' मालिकेत मोबाइलवरून दुसऱ्या इंजिनाचा आवाज उतरवून घेता येतो, पण तोही कंपनीच्या यादीतलाच.) तिसरी कात्री अधिक खोल जाते. महागडा डीकोडर मोटारीची वीज क्षणभर तोडतो आणि फिरती मोटार त्या क्षणी उलट जी वीज निर्माण करते तिच्यावरून खरा वेग ओळखतो. ठरलेला वेग राखायला जास्त जोर लागतो आहे असे दिसले, की तो चढावरचा कडक ठोका वाजवतो. स्वस्त यंत्रणेत हे जवळपास अंदाजावर चालते : नियंत्रकावरचा वेगाचा आकडा पाहायचा आणि ठोक्यांचे प्रमाण लावायचे. ते प्रमाण मालकाने स्वतः जुळवून घेतले नाही, तर एका फेऱ्यात चारऐवजी तीन किंवा पाच ठोके ऐकू येतात. डोळे आणि कान यांची फारकत होते ती येथे, आणि गंमत अशी, की ही जुळवणी फुकट असूनही बहुतेक जण ती करतच नाहीत. चाकावर खडूचा ठिपका द्यावा, इंजिन अगदी हळू सोडावे, एका फेऱ्यातले ठोके मोजावेत आणि डीकोडरमधील संबंधित आकडा थोडाथोडा बदलत राहावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

स्पीकरविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. स्वस्त इंजिनाचा आवाज 'पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा' वाटतो, याचे खापर बहुधा डीकोडरवर फुटते, प्रत्यक्षात दोष अनेकदा स्पीकरच्या बसवणीत असतो. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पुढची आणि मागची हवा एकत्र येऊ दिली, तर दोन्ही परिणाम एकमेकांना मारतात आणि खर्जातले सूर नाहीसे होतात. म्हणून स्पीकरची मागची बाजू लहानशा डबीने हवाबंद करावी लागते. टेंडरमध्ये नुसताच चिकटवलेला स्पीकर काढून त्याला प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची डबी केली, फटी गोंदाने बुजवल्या, की तोच आवाज ओळखू न येण्याइतका सुधारतो. आता तर मोबाइलमध्ये वापरला जाणारा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान स्पीकर अनेक जण यासाठी वापरतात. एवढ्याशा पडद्याला खरा खर्ज काढता येत नाही, हे खरेच. परंतु आपला मेंदू उदार आहे : मूळ सूर गैरहजर असला तरी त्याच्या वरच्या पटीतले सूर ऐकून तो त्या मूळ सुराची भरपाई मनातल्या मनात करतो. लहान रेडिओवरही तबल्याचा डग्गा आपल्याला 'ऐकू' येतो तो असाच.

खरेदीदाराला गोत्यात आणणारी आणखी एक गोष्ट आहे. इंजिनाची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. डिजिटल इंजिन जुन्या साध्या नियंत्रकावर चालवले, तर त्याची निम्मी वाचा बंद राहते, आणि डिजिटल नियंत्रक हा वेगळा खर्च. मोबाइलवरून ब्लूटूथने चालणाऱ्या डीकोडरमुळे हा खर्च काही अंशी वाचतो. शिवाय आयातीचा भाग. भारताने खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के केले, आणि सीमाशुल्काच्या वर्गवारीत लघुप्रतिकृती खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. येथील खेळणी उद्योगाला संरक्षण देणे हा त्यामागचा हेतू होता. प्रौढांचा हा छंद त्या जाळ्यात अनायासे सापडला. परदेशी संकेतस्थळावरचा भाव पाहून हरखलेल्या ग्राहकाला आपल्याकडील दुकानात वेगळाच आकडा ऐकू येतो तो यामुळे.

आणि धूळ! एप्रिल-मे महिन्यांत लातूर-नांदेडच्या घरात दोन दिवस न झाकलेल्या रुळांवर जो थर बसतो, तो बोलक्या इंजिनाचा पहिला शत्रू. चाक आणि रूळ यांच्यामध्ये कण आला, की क्षणभर वीज तुटते. मुके इंजिन किंचित अडखळून पुढे जाते. बोलके इंजिन मात्र मध्येच गप्प होऊन पुन्हा पहिल्यापासून वाफ भरू लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने रूळ पुसणे आणि डीकोडरला वीज साठवणारा छोटा कपॅसिटर जोडणे, हे दोनच उपाय.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत काही शे रुपयांत मिळणारी सेलवरची अगीनगाडी या सगळ्यात कोठे बसते? तिच्यातील आवाजाचा चाकांशी काहीही संबंध नसतो. गाडी उचलून हातात धरली तरी ती त्याच ठेक्यात झुकझुकत राहते. पाच वर्षांच्या मुलाला त्याचे काही वाटत नाही, आणि वाटूही नये.

आपल्या इंजिनाला घंटा नव्हती

मराठवाड्यातील इंजिनाची प्रतिकृती करायची, तर परदेशी आवाजांपैकी कोणता जवळचा? अमेरिकी इंजिनांच्या ध्वनिसंचात हमखास दोन गोष्टी असतात : घंटा, आणि उभ्या इंजिनाशेजारी ऐकू येणारी हवेच्या पंपाची धडधड. तेथील गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालत, त्यासाठी तो पंप. आपल्याकडे वाफेच्या काळात ब्रेक निर्वातावर चालत. नळीतील हवा वाफेच्या झोताने ओढून काढली जाई, आणि त्याचा आवाज म्हणजे एकसुरी, लांबलेली सुसकार. स्थानकात उभे असलेले अमेरिकी इंजिन धडधडते, आपले इंजिन सुसकारे. ब्रिटिश इंजिनेही निर्वातवालीच होती, म्हणून घंटा आणि पंप बंद केलेला अमेरिकी संच किंवा सरळ ब्रिटिश संच, यांपैकी दुसरा पर्याय अधिक खरा. दिसण्याच्या बाबतीत मात्र उलटे आहे. बाखमनच्या एचओ मापातील एका अमेरिकी मालवाहू इंजिनाची चाकांची रचना, पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन, हीच वायजीचीही होती. रूप अमेरिकी आणि कंठ ब्रिटिश, अशी ही तडजोड आहे.

तडजोडीचे मूळ कारण माप. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली खुले झालेले लघु रेल्वेचे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. ते १:८७ या मापातले आहे, ज्याला एचओ म्हणतात. जगात सर्वाधिक वस्तू याच मापात मिळतात आणि त्यांच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे अंतर युरोप-अमेरिकेतील प्रमाण गेजचे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर; ते १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवे. म्हणजे एचओ रुळांवर चालणारी प्रत्येक भारतीय ब्रॉडगेज गाडी मुळात अरुंद पायांवर उभी आहे. नांदेडचे मीटरगेज त्याच मापात साडेअकरा मिलिमीटर भरते. त्याला १२ मिलिमीटरचे रूळ लागतात, आणि ते स्वित्झर्लंडसारख्या देशांतील गाड्यांसाठी बनत असल्याने स्वस्त नसतात. मीटरगेज अगदी बिनचूक बसते ते बागेत चालणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या १:२२.५ या मापात, ४५ मिलिमीटरच्या रुळांवर. तेथे स्पीकरला हवी तेवढी जागा आणि आवाजही भरदार. पण त्या गाडीला अंगण लागते आणि खिसाही तसाच लागतो.

लातूरचे दैव या बाबतीत उजळ आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. एकूण २०२ मैल. हिचे गेज होते दोन फूट सहा इंच, ७६२ मिलिमीटर. (हाच कॅलथ्रॉप पुढे हवाई छत्रीच्या संशोधनासाठीही ओळखला गेला.) १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली ती २००७ आणि २००८ साली, आणि याच जुन्या दिशेने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी तहानलेल्या लातुरात आली.

आता हे ७६२ मिलिमीटर १:४८ या मापात उतरवून पाहू. उत्तर येते १५.९ मिलिमीटर. एचओचे स्वस्त, सर्वत्र मिळणारे १६.५ मिलिमीटरचे रूळ येथे जवळजवळ बरोबर बसतात, चूक अवघी चार टक्क्यांची. ब्रॉडगेजमध्ये ती चौदा टक्क्यांची होती. या मापाला 'ओएन ३०' म्हणतात. त्यातील ३० म्हणजे तीस इंच, म्हणजेच लातूरचे दोन फूट सहा इंच. बाखमनने १९९८ पासून या मापात परवडणारी मालिका काढली आणि पुढे तिच्यातील इंजिनांत आवाजही बसवला. रूळ एचओचे, पण इंजिनाचे अंग जवळपास दुप्पट मोठे, त्यामुळे स्पीकर आणि त्याची डबी यांना ऐसपैस जागा. अमेरिकेतील लाकूड आणि खाणींच्या रेल्वेसाठी केलेल्या या इंजिनांचे वरचे कवच उतरवून, खालची चाके व डीकोडर तसेच ठेवून, त्यावर बार्शीच्या इंजिनाचे कवच प्लास्टिकच्या पत्र्यातून घडवता येते. कॅलथ्रॉपची पहिली इंजिने लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधलेली आठ जोडचाकांची होती. चाके आठ मिळाली नाहीत तर सहांवर भागवावे लागेल, हे मान्य. तरीही स्वस्तातले, बोलके आणि मापाला धरून असलेले वाफेचे इंजिन मराठवाड्यात कोणाला सर्वांत सहज जमेल, तर ते लातूरकराला.

त्याच्या ठोक्यांचे गणितही वेगळे येते. नॅरोगेजची चाके लहान. चाक अडीच फुटांचे धरले, तर ताशी ९ किलोमीटरवर सेकंदाला चार ठोके पडतात, वायजीच्या दीडपटीहून अधिक. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात चढणारी गाडी डोळ्यांना संथ आणि कानांना घाईत असल्यासारखी वाटत असणार. वायजीचा तयार आवाज तिला चिकटवून चालणार नाही.

घरची झुकझुक

ज्यांना आयात परवडत नाही, त्यांच्यासाठी एक तिसरा मार्ग आहे आणि तो आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांच्या हातचा आहे. चाकाच्या आसावर चार चिमुकली चुंबके समान अंतराने चिकटवायची, शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवायचा, आणि प्रत्येक चुंबकागणिक ईएसपी ३२ सारख्या छोट्या नियंत्रकाने एक ठोका वाजवायचा. भाग हजार रुपयांच्या आत येतात. बाजारात शंभर-दीडशे रुपयांत मिळणारी एमपी३ वाजवणारी पट्टी यासाठी वापरण्याचा मोह होतो, पण आज्ञा मिळाल्यापासून आवाज निघेपर्यंत ती जो वेळ घेते, त्यात पुढचा ठोका येऊन ठेपतो. शिट्टी, सुसकार, फावड्याचा आवाज यांना ती चालेल. ठोका मात्र नियंत्रकाच्या स्वतःच्या स्मृतीतूनच वाजवला पाहिजे. या घरगुती यंत्रणेत चाक आणि ठोका कधीच वेगळे पडत नाहीत. ट्राय-अँगच्या सँडपेपरचेच तत्त्व हे, आणि अनेक विकतच्या डीकोडरांहून ते प्रामाणिक आहे.

प्रश्न उरतो तो कोणता ठोका वाजवायचा याचा. ब्रिटनमध्ये पीटर हँडफर्ड यांनी १९५० च्या दशकापासून वाफेच्या इंजिनांचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण केले. पुढे 'आउट ऑफ आफ्रिका' चित्रपटाच्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणाऱ्यांपैकी ते एक. अमेरिकेत छायाचित्रकार विन्स्टन लिंक यांनी त्याच दशकात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची अखेरची इंजिने फोटोंबरोबर ध्वनिफितीवरही टिपली. तेथील डीकोडरांना इतके आवाज उपलब्ध आहेत यामागे अशा माणसांनी वेळीच केलेले काम आहे. आपल्याकडे छायाचित्रे पुष्कळ निघाली, ध्वनिमुद्रणाकडे तेवढे लक्ष गेले नाही. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७२ साली शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले ते मीटरगेजचे वायजीच होते. १९९५ च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरची नियमित वाफ संपली आणि मीटरगेजवरची त्यानंतर थोड्याच वर्षांत.

हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये वायपी आणि वायजी जतन करून ठेवली आहेत. तेथील इंजिनाला वाफ असेल त्या दिवशी मोबाइल हाती असलेला कोणीही एक चांगला ठोका मुद्रित करून आणू शकतो. धुराड्यापासून दहा-पंधरा पावलांवर, वाऱ्याच्या आडोशाला उभे राहावे आणि मोबाइलच्या ध्वनिग्राहकावर स्पंजचा तुकडा लावावा. संथ गतीतला एकेक सुटा ठोका कापून घेतला, की बाकीचे चाकाचा व्यास सांगेल.

पण व्यास सर्वच सांगत नाही. 'सी/फा' लिहिलेल्या पाटीजवळ आल्यावर शिट्टीची दोरी कशी ओढली जाई, सलग की तोडून. फावडे भरून भट्टीचे दार उघडणे, कोळसा फेकणे आणि दार लोटणे यांत किती ठोके जात. पूर्णेच्या शेडमध्ये पहाटे थंड इंजिनात वाफ धरताना कोणते आवाज कोणत्या क्रमाने येत. घाटात चाके घसरू लागली, की ठोक्यांची ती एकदम उसळलेली माळ किती लांब असे. याची नोंद पुस्तकात नाही. १९७५ च्या सुमारास विशीत कामाला लागलेला फायरमन आज सत्तरीत आहे. पूर्णा, नांदेड, परभणी, कुर्डुवाडी येथील निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांपैकी कोणाशी या विषयावर बोलणे काढून पाहावे : चार वाक्ये झाली, की ते शब्द सोडून तोंडानेच आवाज काढू लागतात, हाताने टेबलावर ठेका धरतात. मोबाइल त्याच वेळी चालू असावा. तोंडाने काढलेल्या त्या आवाजात वाफेचा पोत नसेल, पण दोन ठोक्यांमधले अंतर आणि कोणत्या ठोक्यावर जोर, हे बहुधा बिनचूक असते, आणि डीकोडरला तेवढेच हवे असते.